गुडघेदुखीच्या गोळ्यांचा हिशेब

संस्थेचा ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचे पत्रक आणि विभागवार कार्याचा आढावा आपण या अहवालाच्या अन्य पृष्ठांवर वाचालच. त्यासोबत एक आरोग्यविषयक लेख द्यावा, असा आपला जुना प्रघात आहे. तो लेख बहुधा एखाद्या विभागप्रमुख डॉक्टरांचा असतो. यंदा तो प्रशासन विभागाने लिहावा असे ठरले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने औषधांविषयी काय लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, सांधेदुखीच्या गोळ्यांपासून होणारा अपाय तपासणीच्या खोलीत उशिरा उघडकीस येतो. औषधाच्या खिडकीवर आणि बिलांच्या गठ्ठ्यांत त्याची चाहूल त्याआधीच लागलेली असते. किती गोळ्या, कोणाकडून, किती दिवस, ही बाब मुळात हिशेबाची आहे. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या अस्थिरोग व मेडिसिन विभागांतील डॉक्टरांनी तपासून दिला आहे, हे प्रारंभीच नमूद करतो.

आजार कोणता, हे प्रथम स्पष्ट करणे इष्ट. 'संधिवात' हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो आणि त्यात किमान तीन वेगळे आजार दडलेले असतात. हातांच्या लहान सांध्यांना सूज आणणारा व सकाळी तासभर बोटे आखडून ठेवणारा आमवात. पायाच्या अंगठ्याला एकाएकी लाल, असह्य ठणका लावणारा गाउट. आणि वयोमानानुसार हळूहळू वाढणारी सांध्यांची झीज, जिला वैद्यकशास्त्रात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय केवळ तिसरा. पहिल्या दोहोंची औषधे निराळी आहेत. आमवाताच्या रुग्णाने नुसत्या वेदनाशामकांवर वर्षे काढली तर सांधे कायमचे वाकडे होतात, म्हणून निदान करून घेतल्याखेरीज गोळी सुरू ठेवू नये.

झिजेचा हा आजार किती पसरला आहे, याची कल्पना एका तुलनेवरून येईल. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात १९९० साली त्याचे सुमारे २ कोटी ३५ लाख रुग्ण होते. २०१९ साली ही संख्या ६ कोटी २३ लाखांवर गेली. आयुर्मान वाढले, वजने वाढली, हे त्यामागील प्रमुख कारण. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी थांबल्यानंतर, प्रमाण अधिक. जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून केलेले काम यांचीही भर पडते. 'गुडघ्यातले वंगण संपले' असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, तिच्याखालचे हाड जाड होते, कडेला हाडाचे काटे वाढतात, सांध्याच्या आतील आवरणाला अधूनमधून सूज येते आणि मांडीचा स्नायू दुबळा होत जातो. गंमत अशी की, एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. एक्स-रे वाईट असूनही पायऱ्या चढणारी माणसे आहेत, आणि किंचित झीज असूनही रात्रभर तळमळणारी माणसेही आहेत.

वेदनाशामक गोळी या साऱ्यांपैकी फक्त वेदना आणि काही अंशी सूज यांवर काम करते. तिने कूर्चा भरून येत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर हा महसुली खर्च आहे, भांडवली नव्हे. घरभाडे भरून महिना निभावतो, घर मालकीचे होत नाही, तसेच हे. महसुली खर्च करूच नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र तो कशासाठी केला आणि त्यातून काय मिळाले, हे विचारावेच लागते.

एकाच रसायनाची तीन ठिकाणची कामे

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब ही सारी एकाच कुटुंबातील औषधे. यांना 'स्टेरॉइड नसलेली सूजविरोधी औषधे' म्हणतात. ती नेमके काय करतात, याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली अॅस्पिरिनचा अभ्यास करताना केला आणि त्या शाखेतील संशोधनासाठी १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी ठरले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. दुखऱ्या सांध्यात ती वेदना व सूज वाढवतात. गोळी त्यांची निर्मिती रोखते, म्हणून आराम पडतो.

परंतु हीच रसायने जठरात संरक्षक थर राखण्याचे आणि मूत्रपिंडात रक्ताचा पुरवठा चालू ठेवण्याचे काम करीत असतात. गोळीला गुडघा आणि जठर यांतला फरक कळत नाही. ती रक्तातून सर्वत्र जाते आणि सर्व ठिकाणची निर्मिती रोखते. जठरात व्रण होतो. आणि पुष्कळ वेळा तो दुखतही नाही, कारण वेदना दाबण्याची गोळी चालूच असते. पहिली खूण थेट रक्तस्राव हीच असू शकते: डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्या चालू असतील तर तसे डॉक्टरांना सांगावे.)

मूत्रपिंडाचे नुकसान तर अधिकच गुपचूप होते. पायांवर सूज, लघवी कमी होणे, मळमळ ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ वेळ गेलेला असतो. यात धोक्याचे एक त्रिकूट आहे, ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी अवश्य लक्षात ठेवावे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, आणि वेदनाशामक. ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला मिळणाऱ्या रक्ताचा दाब तिन्ही बाजूंनी घटतो. पुष्कळदा पहिल्या दोन गोळ्या एकाच गोळीत एकत्र असतात, त्यामुळे रुग्णाच्या दृष्टीने ती 'बीपीची एक गोळी' असते.

याच संदर्भात आपल्याकडील दोन प्रसंगांचा उल्लेख करतो. एक वारी. पंधरा-वीस दिवसांची चाल, घाम, पाणी कमी आणि गुडघ्यांसाठी रोज दोन गोळ्या. शरीरातील पाणी कमी असताना मूत्रपिंड या औषधांना फार लवकर बळी पडते. दुसरा प्रसंग उपवासांचा. नवरात्रात किंवा निर्जळी एकादशीला रिकाम्या पोटी गोळी घेऊन दिवस काढणारी वडीलधारी मंडळी घरोघरी आहेत. श्रद्धेच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या दिवसांपुरता गोळीऐवजी दुसरा उपाय चालेल का, हे आधी विचारून ठेवावे, एवढेच सुचवितो.

तिसरे ठिकाण हृदय. जठराला त्रास न देणारी गोळी काढावी म्हणून १९९९ साली रोफेकॉक्सिब हे औषध मोठ्या अपेक्षेने बाजारात आले. त्याने जठर बऱ्याच अंशी वाचले, पण हृदयविकाराचा धोका वाढल्याचे आढळले आणि सप्टेंबर २००४ मध्ये उत्पादक कंपनीला ते जगभरातून मागे घ्यावे लागले. भारतातही त्याच वर्षाअखेर त्यावर बंदी आली. पाठोपाठ २००५ साली व्हॅल्डेकॉक्सिब गेले. त्यानंतर जुन्या गोळ्यांचीही फेरतपासणी झाली. तीत डायक्लोफेनॅकचा हृदयाला असलेला धोका या नव्या गोळ्यांच्या तोडीचा असल्याचे दिसून आले, आणि २०१३ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने हृदयविकार, पक्षाघात वा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना ते देऊ नये अशी शिफारस केली. आपल्या ग्रामीण भागात आजही सर्वांत सहज हाती पडणारे औषध तेच आहे.

जाता जाता एक नोंद. गिधाडांचा ऱ्हास का झाला, या कोड्याचे उत्तर २००४ साली मिळाले तेही डायक्लोफेनॅक हेच होते. हे औषध दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. भारतात २००६ साली त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला, आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ नयेत म्हणून २०१५ साली इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाच्या मूत्रपिंडाइतके नाजूक नाही हे खरे. तरीही 'साधी दुखण्याची गोळी' हा शब्दप्रयोग कानी पडला की मला ही हकिकत आठवते.

नावे अनेक, औषध एक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे शेजारच्या तालुक्यातील साठीच्या एक बाई दाखल झाल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पायांवर सूज, उलट्या, धाप. रक्तातील क्रिएटिनिन बरेच वाढलेले. मूत्रपिंडाचा जुना आजार नव्हता. रक्तदाबाची गोळी काही वर्षांपासून चालू होती. डॉक्टरांनी विचारले तेव्हा 'दुखण्याची एकच गोळी घेते' असे त्यांनी सांगितले. मुलाने घरून औषधांची प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि आमच्या फार्मासिस्टनी ती खिडकीवर ओतली.

पिशवीत दोन पाकिटे आणि कात्रीने कापलेले काही तुकडे निघाले. पहिले पाकीट शहरातील एका डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहिलेले. चिठ्ठी जपून ठेवून ते वारंवार आणले गेले होते. त्यात अॅसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल. दुसरे गावातील दवाखान्यातले, कंपनी वेगळी, रंग वेगळा. त्यात अॅसिक्लोफेनॅक आणि सूज उतरवण्याचे म्हणून दिले जाणारे एक एन्झाइम. कापलेल्या तुकड्यांवर नाव नव्हते, कारण नाव आणि मुदतीची तारीख पाकिटाच्या दुकानात राहिलेल्या भागावर होती. त्या गोळ्या डायक्लोफेनॅकच्या असल्याचे दुकानदाराकडे चौकशी केल्यावर कळले. अॅसिक्लोफेनॅकचा काही अंश शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होतो. म्हणजे गुलाबी, पिवळी आणि पांढरी अशा तीन गोळ्या हिशेबात एकाच खात्यावर जमा होत होत्या. बाईंचे म्हणणेही चुकीचे नव्हते. 'मी तर प्रत्येक गोळी एकेकच घेते,' असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बीपीच्या गोळीत सार्टन आणि लघवीचे औषध दोन्ही होते.

त्यांना डायलिसिस लागले नाही. सलाइन, औषधे आणि मुख्यतः तिन्ही गोळ्या बंद केल्यामुळे मूत्रपिंडे बऱ्याच अंशी पूर्ववत झाली, पूर्णपणे नाहीत. बिलाची रक्कम निर्धन रुग्ण निधीतून भागविण्यात आली. माझ्या टेबलावर ते बिल आले, तेव्हा त्यातील एकाही ओळीत वेदनाशामकाचा उल्लेख नव्हता. तपासण्या, खाट, सलाइन, औषधे, सोनोग्राफी. कारण बिलात दिसत नाही, परिणाम तेवढा दिसतो.

त्यांनी इतक्या गोळ्या का घेतल्या, हे विचारल्यावर मिळालेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. भात लावणीचे दिवस होते. गोळी घेतली नाही तर वाकता येत नाही, वाकता आले नाही तर रोज बुडतो. अशा रुग्णाला 'गोळ्या बंद करा' असे सांगणे म्हणजे मजुरी बंद करा असे सांगणे आहे, आणि ते ऐकले जाणार नाही. गोळीवर टीका करून आम्हांस हा लेख संपवता येत नाही, तो यामुळे.

औषधाच्या मूळ नावाकडे पाहण्याची सवय लागली तर या प्रकारातील निम्मे अनर्थ टळतील, असे आमच्या फार्मासिस्टचे मत आहे. पाकिटावर कंपनीने दिलेले नाव ठळक असते. औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम त्याच्याजवळ छापलेले असतात. ते इंग्रजीत असले तरी घरातील शाळकरी मूल वाचून दाखवू शकते. गोळ्या सुट्या घ्याव्या लागल्या तर नाव व मुदत असलेला भाग मागून घ्यावा किंवा बिलावर नाव लिहून घ्यावे. डायक्लोफेनॅक आणि अॅसिक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी नाही. प्रत्यक्षात काय घडते ते आपण सारे जाणतोच. एकत्रित गोळ्यांच्या बाबतीत शासन अधूनमधून कारवाई करते. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ एकत्रित औषधांवर बंदी आली, तीत अॅसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळीही होती. तथापि बहुतेकांच्या घरात असते ती १०० व ३२५ ची, आणि त्या बंदीत तिचा समावेश नव्हता. परदेशी असलेल्या मुलामुलींनी आणलेल्या आयबुप्रोफेनच्या किंवा नॅप्रोक्सेनच्या मोठ्या बाटल्या हाही आता मध्यमवर्गीय घरांतील एक स्रोत झाला आहे. त्याही याच खात्यात धराव्यात.

खिडकीवर ऐकू येणारे समज

'अॅसिडिटीची गोळी सोबत आहे, मग काळजी नाही.' ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल ही गोळी जठर व त्यालगतच्या आतड्याचे रक्षण करते आणि वयस्कर रुग्णाला वेदनाशामकासोबत ती देणे योग्यच आहे. परंतु मूत्रपिंड व हृदय यांना तिचे कोणतेही संरक्षण नाही. पुढच्या लहान आतड्यालाही नाही.

'इंजेक्शन घेतले की पोटाला त्रास होत नाही.' औषध रक्तातूनच जठरापर्यंत जात असल्याने कमरेत टोचल्यानेही व्रण होऊ शकतो.

'पॅरासिटामॉल साधी गोळी, कितीही चालते.' निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, म्हणजे ५०० च्या आठ किंवा ६५० च्या सहा गोळ्या. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल वा मद्यपान असेल तर डॉक्टर ती आणखी कमी ठरवतात. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही बेरजेत धरावे लागते. दुसरी बाजू अशी की झिजेच्या दुखण्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग आपण समजतो त्याहून कमी आहे. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत ते नित्याचे औषध म्हणून देऊ नये, क्वचित व थोड्या दिवसांपुरते वापरावे असे म्हटले आहे. त्याच मार्गदर्शिकेत गुडघ्यासाठी पहिले औषध म्हणून सुचवले आहे ते सूजविरोधी मलम.

मलमाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याची उपेक्षा होते. डायक्लोफेनॅकचे जेल गुडघ्यावर लावल्यास रक्तात पोहोचणारे औषध तोंडी गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच असते. गुडघा त्वचेपासून फार खोल नसल्याने मलमाचा परिणाम तेथे बरा होतो. कंबरेच्या किंवा खुब्याच्या सांध्याबाबत तसे म्हणता येत नाही. मग 'मलमाने काही होत नाही' अशी तक्रार का? याचे उत्तर बेरीज-वजाबाकीत आहे. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा, असे हे औषध लावावयाचे असते. म्हणजे दिवसाला ६ ते १६ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्यासाठी फार तर पाच दिवस पुरेल, पूर्ण मात्रेत दोन दिवसही नाही. आपल्याकडे तीच ट्यूब दोन गुडघ्यांसाठी महिनाभर वापरली जाते. वाटाण्याएवढे मलम घेऊन घरातील बामाप्रमाणे चोळले जाते. त्याने काही न होणे हे गणिताला धरूनच आहे. मोठी ट्यूब आणि जेनेरिक औषध घेतल्यास खर्च आटोक्यात राहतो. जनऔषधी केंद्रांचा याबाबत चांगला उपयोग होतो. भाजलेल्या, चिरलेल्या त्वचेवर ते लावू नये आणि मूत्रपिंड आधीच दुबळे असेल तर मलमही विचारूनच वापरावे.

ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या वर्गातील गोळ्यांबाबत दोन वाक्ये पुरेत. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठ, खुबा व गुडघे यांच्या जुनाट दुखण्यावर वर्षभरात या वर्गातील औषधे साध्या गोळ्यांहून सरस ठरली नाहीत. चक्कर, बद्धकोष्ठता, पडणे आणि सवय लागणे हे धोके मात्र आहेतच, आणि भारतात २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे.

याहून गंभीर प्रकार निनावी पुड्यांचा. बाजाराच्या दिवशी किंवा कोणा ओळखीच्यामार्फत मिळणारी, वेष्टन नसलेली, 'तीन दिवसांत गुडघे मोकळे' करणारी पुडी. नोंदणीकृत वैद्यांच्या लेबल असलेल्या औषधांविषयी हे विधान नाही. लेबल नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे देशभरात वेळोवेळी आढळले आहे. भूक वाढते, दुखणे जादू व्हावी तसे थांबते, चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. पुडी एकाएकी बंद केली तर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असल्याने रुग्ण गळून पडतो, प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून अशी पुडी दीर्घकाळ चालू असल्यास ती परस्पर थांबवू नये. पुडीसह डॉक्टरांकडे यावे. येथे कोणी रागावणार नाही.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मध्यमवर्गीय कुटुंबांत बराच पैसा खर्च होतो. अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकंदरीत त्यांचा गुण औषधविरहित गोळीहून अधिक दिसला नाही. लेखापालाची नजर असणाऱ्याने हा खर्च आधी तपासावा.

गोळीखेरीज

गोळी कमी करायची तर तिची जागा कशाने तरी भरावी लागते. गुडघ्याच्या बाबतीत ती मुख्यतः मांडीच्या स्नायूने भरून निघते. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, पाच ते दहा सेकंद तसाच धरणे आणि सावकाश खाली घेणे; गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे. इतके साधे व्यायाम नियमाने केले तर अनेकांना गोळीइतका आराम मिळतो, हे अभ्यासांनी दाखवले आहे. अडचण एकच. गोळीचा गुण तासाभरात येतो, व्यायामाचा सहा-आठ आठवड्यांनी. आमच्या भौतिकोपचार विभागात पहिल्या दोन भेटींनंतर न येणाऱ्यांची संख्या पाहिली की रुग्णांना हा कालावधी आधीच स्पष्ट सांगणे किती आवश्यक आहे, ते कळते.

वजनाचा हिशेब याहून आकर्षक आहे. एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळले. इतका परतावा देणारी ठेव माझ्या नोकरीच्या काळात माझ्या पाहण्यात आलेली नाही. त्याखेरीज पाटाऐवजी खुर्ची, घरात शक्य असेल तर कमोड किंवा बसण्यासाठी ठेवायचे स्टँड, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. काठीला वडीलधाऱ्यांचा विरोध असतो. ती म्हातारपणाची खूण मानली जाते आणि तिच्याऐवजी गोळी घेतली जाते, कारण गोळी कोणाला दिसत नाही.

हे सारे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे अशक्य झाले असेल, तर सांधेरोपणाचा विचार लांबवू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविली. त्यामुळे ही शस्त्रक्रिया पूर्वी ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, अशा काही कुटुंबांना ती शक्य झाली. सांध्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो, पण ते वारंवार घेण्याचे औषध नव्हे, आणि मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते.

नोंदपत्र

उपरोक्त बाईंच्या बाबतीत पुढे काय झाले, ते सांगणे उचित होईल. त्यांचे गुडघे पूर्वीप्रमाणेच दुखतात. त्यांना आता मलम मोजून दिले जाते, पॅरासिटामॉल जास्त कामाच्या दिवसांपुरते, आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पाहिले जाते. लावणी त्यांनी सोडली आहे. उभ्याने करण्याची कामे मिळतील तेव्हा करतात. मजुरी कमी झाली, याची भरपाई रुग्णालयाला करता आलेली नाही.

त्यांच्या पिशवीवरूनच एक छोटे नोंदपत्र सुरू करण्याची कल्पना आमच्या फार्मासिस्टना सुचली, आणि विश्वस्त मंडळाने तिला मान्यता दिली. पत्रात चार रकाने आहेत: औषधाचे मूळ नाव व मिलिग्रॅम, ते कोणी दिले, महिन्यात किती दिवस घेतले, आणि त्यामुळे कोणते काम करता आले. चौथ्या रकान्यावर चर्चा झाली होती, तो ठेवावा की नाही म्हणून. तो ठेवला, कारण ज्या गोळीसमोर हा रकाना दोन महिने रिकामाच राहतो, ती बंद करण्यास रुग्ण स्वतःच तयार होतात, असे डॉक्टरांना आढळले. लिहिता न येणाऱ्यांसाठी रिकामी पाकिटे एका पाकिटात जमवून आणली तरी चालते. नोंद आमचे कर्मचारी करतात.

पत्राच्या मागील बाजूस रक्तदाब व क्रिएटिनिनसाठी जागा आहे, आणि तत्काळ रुग्णालयात येण्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत छापली आहेत: काळी शौच, काळसर उलटी, लघवी कमी होणे, पायांवर नव्याने आलेली सूज, छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता अपघात विभागात यावे आणि सोबत घरातील सर्व औषधांची पिशवी आणावी. नोंदपत्र केसपेपरच्या खिडकीवर विनामूल्य मिळते. अन्य रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनाही ते दिले जाते.